ताळा पटला, उत्तर पटले काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आम्हांस बोलावण्याचे ठरले तेव्हा विषयाची निवड कार्यवाहांनी आमच्यावरच सोपवली. अशा व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत, शिवचरित्र ऐकण्याची आपणांस सवय आहे, आणि ती सवय उत्तमच आहे. आज आम्ही मात्र एक रुक्ष भासणारा विषय मांडणार आहोत. पाणी, हवा, वाफ यांच्या प्रवाहांचे गणित हल्ली संगणकावर मांडतात. ते गणित ‘सुटले’ असे केव्हा म्हणावे, आणि सुटले म्हटल्यावर त्यावर कितपत विसंबावे, हा तो विषय होय.

या निवडीस दोन कारणे आहेत. पहिले असे की, महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत कोणी ना कोणी कारखान्यात, प्रयोगशाळेत, धरणाच्या किंवा वीजकेंद्राच्या कामावर असतोच. मुलगा किंवा सून रात्री उशिरा घरी येते आणि ‘आज केस कन्व्हर्ज झाली’ असे हर्षाने, किंवा ‘अजून होत नाही’ असे त्रासून सांगते. घरातील वडीलधाऱ्यांना त्यातला हर्ष कळतो, त्रासही कळतो. अर्थ मात्र कळत नाही. तो थोडा कळावा, अशी आमची इच्छा आहे. दुसरे कारण आमच्या व्यवसायाचे आहे. आम्ही बी. ए. झालेले, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात उभी हयात घालवलेले. बदल्यांच्या निमित्ताने संशोधनसंस्थांच्या खरेदी-समित्यांवर आणि वित्त-समित्यांवर बसण्याचा प्रसंग वारंवार आला. तेथील शास्त्रज्ञांनी हा विषय आम्हांस मोठ्या आस्थेने समजावून दिला. तो ऐकता ऐकता आमच्या ध्यानात आले की, अरे, हा तर आमच्याच खात्याचा विषय!

आपल्यापैकी ज्येष्ठांना शाळेतला नवांचा ताळा आठवत असेल. तेविसाला चौदाने गुणले, उत्तर ३२२ आले. तेविसातील अंकांची बेरीज पाच, चौदातील अंकांची पाच, पाचा पाचा पंचवीस, त्याची बेरीज सात. इकडे ३२२ ची बेरीजही सात. ताळा पटला, मुलगा खूष. पण त्याच मुलाने उतरवताना अंकांची अदलाबदल करून २३२ लिहिले असते, तरीही बेरीज सातच आली असती! ताळा चुकला तर उत्तर नक्की चुकले. परंतु ताळा पटला म्हणजे उत्तर बरोबर, असे नव्हे. हिशेबाच्या तेरीज पत्रकाचेही असेच आहे. जमेची आणि नावेची बेरीज सारखी आली नाही तर कोठेतरी चूक आहेच. ती सारखी आली, तरी एखादी नोंद मुळातच राहून गेलेली असू शकते, दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या खात्यावर चढलेला असू शकतो, किंवा दोन चुकांनी परस्परांना झाकलेले असू शकते. आम्हांस आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच. प्रवाहाच्या गणितात शेष उतरला म्हणजे तेरीज जुळली. ताळेबंद खरा आहे की नाही, ही चौकशी त्यानंतर सुरू होते.

आता मूळ विषयाकडे वळू. द्रव आणि वायू या दोहोंना मिळून मराठी परिभाषेत ‘द्रायू’ असा छोटा, सुबक शब्द आहे. द्रायूच्या गतीची समीकरणे फ्रान्सच्या नाव्हिएने १८२२ साली आणि इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या स्टोक्सने १८४५ साली मांडली. ती मांडता आली, पण अगदी साध्या अपवादांखेरीज कागदावर सोडवता आली नाहीत. आजही येत नाहीत. म्हणून व्यवहारी माणसाने वेगळी वाट धरली. ज्या जागेतून हवा किंवा पाणी वाहते तिची कल्पनेने लहान लहान खणांत विभागणी करावयाची. या विभागणीस जाळी म्हणतात. प्रत्येक खणाचे एक खाते उघडावयाचे: शेजारच्या खणांतून किती पाणी आत आले, किती बाहेर गेले, किती उष्णता आली, किती वेग आला. आवक आणि जावक यांचा मेळ प्रत्येक खणात बसला पाहिजे. लाख खण असतील तर लाख खाती, आणि प्रत्येक खाते शेजाऱ्यांच्या खात्यांशी बांधलेले. म्हणून सर्वांचा मेळ एका दमात बसत नाही. आधी अंदाजाने आकडे भरावयाचे, मग पुन्हा पुन्हा फेऱ्या करून ते सुधारीत न्यावयाचे. प्रत्येक फेरीअखेर खणोखणी जो मेळ बसावयाचा राहतो, तो शेष. इंजिनियर मंडळी त्यास रेसिड्युअल म्हणतात. फेऱ्यांगणिक आकडे एका ठरावीक उत्तराकडे सरकत जाऊन तेथे स्थिरावले, म्हणजे अभिसरण झाले, कन्व्हर्जन्स झाला. मराठीत अभिसरण म्हटले की रक्ताभिसरण आठवते आणि काहीतरी गोल फिरत असल्याचा भास होतो. येथे अर्थ निराळा आहे. येथे आकडे फिरत राहत नाहीत, एका ठिकाणी येऊन मिळतात.

हे उदाहरणावाचून कळणार नाही. तेव्हा कागद-पेन्सिलीने करता येईल असे एक उदाहरण घेऊ. लोखंडाची एक सळई आहे. तिचे डावे टोक बर्फात, म्हणजे ० अंशावर; उजवे उकळत्या पाण्यात, म्हणजे १०० अंशांवर. मध्ये समान अंतरांवर तीन खुणा. सळई स्थिरस्थावर झाल्यावर प्रत्येक खुणेचे तापमान हे दोन्ही शेजाऱ्यांच्या तापमानांची सरासरी असते, एवढाच नियम. खरे उत्तर आपणांस ठाऊक आहे: २५, ५० आणि ७५. पण ते ठाऊक नाही असे समजू आणि तिन्ही खुणांवर शून्य लिहून आरंभ करू. डावीकडून उजवीकडे जात प्रत्येक खुणेवर शेजाऱ्यांची सरासरी लिहावयाची. पहिल्या फेरीअखेर ०, ०, ५०. दुसरीअखेर ०, २५, ६२.५. तिसरीअखेर १२.५, ३७.५, ६८.७५. चौथीअखेर १८.७५, ४३.७५, ७१.८७५.

येथे थांबून शेष पाहू. पहिल्या खुणेवर सरासरी हवी २१.८७५ आणि आहे १८.७५; शेष सुमारे ३.१. खरी चूक मात्र ६.२५ अंशांची, म्हणजे शेषाच्या दुप्पट. दुसऱ्या खुणेवर शेष सुमारे १.६, खरी चूक तेथेही ६.२५, म्हणजे चौपट. आणि तिसऱ्या खुणेवर? ४३.७५ आणि १०० यांची सरासरी ७१.८७५; लिहिलेला आकडाही तोच. शेष शून्य! तरीही ते तापमान खऱ्या उत्तरापासून तीन अंशांहून अधिक दूर आहे. कारण उघड आहे. तिसऱ्या खात्याचा आपल्या शेजाऱ्यांशी मेळ बसला आहे. पण शेजारीच अजून चुकलेले आहेत. शेष ही खणाखणांतील मेळाची गोष्ट आहे, चूक ही सत्यापासूनच्या अंतराची गोष्ट आहे. दोन्ही एकमेकींशी निगडित आहेत, पण एक नव्हेत. सळईवर तीनच खुणा होत्या म्हणून ही तफावत दुपटी-चौपटीत राहिली. खुणा जितक्या दाट कराव्यात तितकी एकाच आकाराच्या शेषामागे अधिक मोठी चूक लपू शकते. आज लाखो खणांच्या जाळ्या वापरतात; तेव्हा सावधगिरी किती हवी, हे सांगावयास नको.

या प्रकारच्या आकडेमोडीचा इतिहास संगणकापेक्षा जुना आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१० साली रॉयल सोसायटीपुढे एक निबंध ठेवला. दगडी धरणाच्या पोटात ताण कसे पसरतात ते त्याने अशाच फेऱ्यांनी काढले होते. आकडेमोड करावयास त्याने मुले नेमली होती आणि त्यांना मजुरी नगावर दिली जाई. त्यांतला एक चलाख मुलगा आठवड्यास सुमारे दोन हजार क्रिया करी, आणि चुकलेल्या क्रिया हिशेबात धरल्या जात नसत. हिशेबनिसाच्या दृष्टीने हा करार आम्हांस फार आवडला! पुढे १९३५ पासून इंग्लंडच्याच रिचर्ड साउथवेलने ही पद्धत इंजिनियरांच्या हाती दिली. कागदावर प्रत्येक बिंदूपाशी शेष लिहून ठेवावयाचा आणि जेथे तो सर्वांत मोठा तेथे आधी हात घालावयाचा, अशी त्याची रीत होती. जपानच्या कावागुटी यांनी गोल खांबाभोवतीच्या मंद प्रवाहाचे गणित हाताच्या यंत्रावर सोडवून १९५३ साली प्रसिद्ध केले. त्यासाठी ते आठवड्यास वीस तास याप्रमाणे दीड वर्ष खपत होते. आज तेच गणित साध्या संगणकावर चहा होईतो सुटते. श्रम गेले हे चांगलेच झाले. परंतु श्रमांबरोबर दर शेषाकडे डोळ्यांनी पाहण्याची संधीही गेली, हे विसरता कामा नये.

या क्षेत्रात एका मराठी माणसाचे नाव जगभर आदराने घेतले जाते, आणि ते या मंडळाच्या सभेत घेतले नाही तर आमच्याकडून उणीव राहील. डॉ. सुहास पाटणकर हे मूळचे पुण्याचे. १९६२ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, १९६४ साली मुंबईच्या आय. आय. टी. तून पदव्युत्तर पदवी आणि १९६७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून डॉक्टरेट, असा त्यांचा विद्याक्रम. त्यांनी आणि त्यांचे गुरू प्रा. ब्रायन स्पॉल्डिंग यांनी १९७२ साली जी पद्धत प्रसिद्ध केली ती ‘सिंपल’ या नावाने ओळखली जाते, आणि पाटणकरांचे १९८० साली निघालेले पुस्तक या विषयाच्या कित्येक पिढ्यांचे पहिले पुस्तक ठरले. अडचण अशी होती की वेगासाठी समीकरण आहे, पण दाबासाठी स्वतंत्र समीकरण नाही. मग दाबाचा अंदाज करावा, त्यावरून वेग काढावेत, त्या वेगांनी प्रत्येक खणात किती द्रायू जास्त साचतो किंवा कमी पडतो ते पाहावे, आणि त्या कमी-जास्तीवरूनच दाबाची दुरुस्ती करावी, अशी ही युक्ती. येथे शेष हा निकालपत्रावरचा नुसता आकडा राहत नाही. दुरुस्ती कोठे आणि किती हवी हे तोच सांगतो. शिवाय सुचलेली सगळी दुरुस्ती एकदम घेतली तर गणित बिथरते. म्हणून तिचा काही अंशच दर फेरीस घेतात. ही सबुरी आवश्यक आहे. परंतु हा अंश फारच लहान ठेवला तर दोन फेऱ्यांतील फरक नगण्य दिसतो आणि ‘आकडे आता हलत नाहीत, अर्थी उत्तर आले’ असा भ्रम होतो. बैलगाडी थांबलेली दिसली म्हणजे गाव आले, असे कोणी म्हणत नाही. बैल मंद चालत असतील.

आता संगणकाच्या पडद्यावरील त्या आलेखाकडे पाहू. आडव्या रेषेवर फेऱ्यांची संख्या, उभ्या रेषेवर शेष. आणि उभी रेषा अशी आखलेली की प्रत्येक पायरी खाली उतरणे म्हणजे दहापट कमी होणे. आलेखाच्या चार चाली असतात. पहिली, संथपणे उतरत जाणारी, ती शुभ. दुसरी, एकाएकी वर उसळणारी. तेथे गणित फसले आहे आणि कोणाची फसगत होण्याचे कारण नाही. खरी परीक्षा उरलेल्या दोघींत आहे. तिसरी चाल थोडी उतरून सपाट होणारी. ती संगणकात मावणाऱ्या दशांशांची मर्यादा आल्यामुळे तळाला टेकलेली असेल तर चिंता नाही. पण बरीच वर अडली असेल तर जाळीतील एखादा वेडावाकडा खण किंवा प्रवेशद्वाराशी चुकीची घातलेली अट शोधावी लागते. चौथी चाल वरखाली झुलत राहणारी. हिच्याकडे फार आदराने पाहावे, असे आम्हांस एका अनुभवी इंजिनियरने सांगितले. नदीतील पुलाच्या खांबामागे पाण्याचे भोवरे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. फॉन कार्मानने १९११ च्या सुमारास त्या भोवऱ्यांच्या मालिकेचे शास्त्र सांगितले. असा प्रवाह मुळातच स्थिर नसतो. त्याला स्थिर मानून गणित मांडले तर शेष झुलत राहतो, कारण जे अस्तित्वात नाही ते उत्तर आपण मागत आहोत. अशा वेळी शेष न उतरणे हीच खरी बातमी असते. काही उतावीळ मंडळी मग स्थूल पद्धत लावतात. प्रवाहातील बारकावे त्यामुळे पुसले जातात आणि आलेख शहाण्यासारखा खाली उतरतो. रोग्याची कुरकुर थांबली. दुखणे जागच्या जागीच राहिले.

आलेख किती उतरला म्हणजे पुरे? अनेक तयार प्रोग्रॅमांत, शेष आरंभापेक्षा हजारपट उतरला आणि उष्णतेच्या समीकरणाचा दशलक्षपट उतरला की गणित थांबवावे, असा संकेत घालून ठेवलेला असतो. संकेत सोयीचा आहे, पण तो ‘आरंभापेक्षा’ हा शब्द मोठा फसवा आहे. पहिला अंदाज अगदीच वेडगळ असेल तर आरंभीचा शेष प्रचंड असतो, आणि हजारपट उतरूनही तो मोठाच राहतो. उलट पहिला अंदाज चांगला असेल तर हजारपट उतरावयास जागाच नसते. शंभरातून नव्वद मार्कांची सुधारणा कोणी दाखवावी? जो दहावर होता त्यानेच.

याचा एक अनुभव सांगतो. एका संस्थेत, तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, वीजनिर्मितीच्या जनित्रांच्या बंदिस्त खोलीतून उष्ण हवा बाहेर काढण्याची योजना समितीपुढे आली. खोलीत पाळीपाळीने माणसे काम करणार होती. संगणकावर गणित झाले होते, शेषाचा आलेख हजारपट उतरलेला होता, आणि त्या बळावर प्रत्यक्ष चाचणी गाळून खर्च वाचवावा असा प्रस्ताव होता. वित्त-समितीला खर्च वाचणे गोड वाटते, हे आपणांस ठाऊकच आहे. तेवढ्यात निवृत्तीला आलेल्या एका इंजिनियरांनी तरुण सहकाऱ्याला शांतपणे विचारले, “बाळ, आत किती हवा जाते, आणि बाहेर किती येते, एवढे सांगशील का?” आकडे काढले, तो आत गेलेल्या शंभर भागांपैकी सहा भागांचा बाहेर पत्ताच नव्हता! खोलीला भोक नव्हते. भोक गणितात होते. मग गणित आणखी हजारो फेऱ्या चालवले, जाळी बारीक केली, आणि मागच्या कोपऱ्यातील तापमान पूर्वीपेक्षा बरेच अधिक निघाले. त्याच कोपऱ्यात पाळीवरच्या माणसांचे टेबल योजलेले होते. चाचणी कायम राहिली, टेबलाची जागा बदलली. त्या तरुणाला कोणी बोल लावला नाही, आणि लावावयाचे कारणही नव्हते. पुढे तोच दर वेळी आवक-जावकेचा कागद सर्वांत वर लावू लागला.

यावरून जाणकारांची रीत कळते. ते केवळ शेषाकडे पाहत नाहीत. ज्या कारणासाठी गणित मांडले ती गोष्ट, मग ती विमानाच्या पंखावरील उचल असो, पंपातील दाब असो की कोपऱ्यातील तापमान असो, फेऱ्यांगणिक टिपत जातात. ती हलावयाची थांबली का ते पाहतात. आणि एकूण आवक-जावकेतील तफावत एका टक्क्याच्याही बरीच आत आल्यावाचून समाधान मानत नाहीत.

येथवर फक्त पहिला प्रश्न झाला: मांडलेली समीकरणे सुटली काय? दुसरा प्रश्न जाळीचा. शेष अगदी शून्यावर आला, तरी ते उत्तर त्या जाळीचे उत्तर असते. जाळी विरळ असेल तर जेथे वेग किंवा ताण झपाट्याने बदलतो तेथील उतार तिच्यातून निसटून जातो. स्थूल पद्धतीत तर उष्ण आणि थंड प्रवाहांमधील ठळक सीमाही रंग फिसकटावा तशी पसरलेली दिसते, आणि हे मिसळणे निसर्गातले नसून गणितातले असते. यावर उपाय एकच. तेच गणित क्रमाने बारीक होत जाणाऱ्या तीन जाळ्यांवर करावे, प्रत्येकीवर शेष पुरता उतरवावा, आणि मगच उत्तरांची तुलना करावी. त्यांच्या फरकावरून अतिबारीक जाळीवर काय उत्तर आले असते याचा अंदाजही करता येतो. ही युक्ती पुन्हा त्या रिचर्डसनचीच. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या द्रायू-अभियांत्रिकीच्या नियतकालिकाने १९८६ साली नियमच केला की, अशी पडताळणी नसलेले लेख स्वीकारले जाणार नाहीत. विद्वानांनाही नियमाने बांधावे लागते, हे वाचून आमच्या सरकारी मनाला थोडा दिलासा वाटला.

जाळीच्या दुर्लक्षाची किंमत केवढी असते, याचे उदाहरण प्रवाहाचे नसून बांधकामाचे आहे. पण जाळी आणि खण यांचे तत्त्व तेच. नॉर्वेत समुद्रातील वायू काढण्यासाठी स्लाइप्नर ए नावाचे व्यासपीठ बांधले जात होते. त्याचा काँक्रीटचा प्रचंड पाया, चोवीस पोकळ कप्प्यांचा, स्टाव्हांगर शहराजवळील खाडीत चाचणीसाठी हळूहळू पाण्यात उतरवला जात होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी, सुमारे ६५ मीटर खोलीवर, एका कप्प्याची भिंत फुटली. पाणी उपसण्याच्या पंपांचे काही चालले नाही. पाया बुडाला आणि तळावर आदळून त्याचा चुरा झाला. तो हादरा भूकंपमापकांवर ३ इतका नोंदला गेला. नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलरांचे झाले. चौकशीत निघाले ते असे: गणितासाठी घेतलेली जाळी, भिंती जेथे मिळतात त्या नाजूक जागी, अत्यंत ओबडधोबड होती, आणि त्यामुळे भिंतीवरील कर्तन-ताण ४७ टक्के कमी धरला गेला. त्यातच पोलादी सळ्यांची मांडणीही तेथे अपुरी पडली. समीकरणे संगणकाने बिनचूक सोडवली होती. तेरीज जुळली होती. अपघातानंतर काळजीपूर्वक जाळी घेऊन गणित पुन्हा केले तेव्हा उत्तर आले की, ही भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. तेच गणित आधी झाले असते तर?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: समीकरणे तरी त्या प्रवाहाला योग्य होती काय? वेगवान प्रवाहातील खळबळ, म्हणजे शास्त्रीय भाषेत संक्षोभ, खणाखणात तंतोतंत मोजणे बहुधा परवडत नाही. म्हणून तिच्यासाठी अनुभवसिद्ध प्रतिकृती वापरतात. त्यांतली सर्वांत रुळलेली के-एप्सिलॉन नावाची. एखाद्या पायरीवरून पाणी किंवा हवा वेगाने पुढे गेली की पायरीखाली भोवरा राहतो आणि प्रवाह काही अंतरावर पुन्हा तळाला टेकतो. प्रयोगांत हे अंतर पायरीच्या उंचीच्या साधारण सातपट भरते. ही प्रतिकृती ते नेहमी बरेच कमी दाखवते. शेष हवा तितका उतरवा, जाळी हवी तितकी बारीक करा, ती कमीच दाखवणार. तेथे प्रयोगच न्याय करतो. आरंभीच्या आकड्यांचेही असेच. रिचर्डसनने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवता चालवता, २० मे १९१० या दिवसाचे हवामान गणिताने काढून पाहिले. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारनी वाढेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ जागचा हलला नव्हता. पुढे संशोधकांनी ते गणित पुन्हा करून पाहिले, तेव्हा आकडेमोड मूलतः ठीक होती असे आढळले. दोष आरंभीच्या वारा आणि दाब यांच्या आकड्यांतील असमतोलात होता. त्या थोर माणसाने १९२२ च्या आपल्या ग्रंथात ते फसलेले उत्तर न लपवता छापले, आणि आजचे हवामानाचे अंदाज त्याच ग्रंथाच्या वाटेने पुढे गेले आहेत. आपल्याकडेही, १९१६ साली मुंबई इलाख्यात आरंभ झालेल्या आणि आज खडकवासल्यास असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, संगणकाच्या जोडीने धरणांची आणि बंदरांची प्रत्यक्ष प्रतिरूपे बांधून त्यांत पाणी सोडून पाहतात. गणिताचा ताळा पाण्याशी घ्यावयाचा असतो तो असा.

तेव्हा ज्यांच्या सहीने अशी कामे पुढे जातात त्यांनी, मग ते आमच्यासारखे बी. ए. का असेनात, पाच साधे प्रश्न विचारावेत. आत किती गेले आणि बाहेर किती आले? ज्या गोष्टीसाठी हे गणित केले ती हलावयाची थांबली काय? जाळी बारीक केली तेव्हा उत्तर किती बदलले? सीमेवरच्या अटी कोठून घेतल्या? आणि कोणत्या प्रयोगाशी हे उत्तर ताडून पाहिले? हे विचारावयास उच्च गणित लागत नाही. खरा जाणकार अशा प्रश्नांनी रागावत नाही; उत्तरे त्याच्या खिशात तयार असतात. आणि घरी मुलगा किंवा सून ‘केस कन्व्हर्ज झाली’ म्हणत आली, तर वडीलधाऱ्यांनी तिचे कौतुक आधी करावे, जेवायला वाढावे, आणि मग हळूच विचारावे, “जाळी बदलून पाहिलीस का ग?” प्रश्नाने ती चकित होईल, आणि आपले काम घरात कोणीतरी जाणते आहे याचा तिला जो आनंद होईल तो निराळाच.

मंडळाने पन्नास वर्षे आपले हिशेब चोख ठेवले, हे आम्ही अहवालांतून वाचले आहे. त्याचे श्रेय आजवरच्या सर्व खजिनदारांना आहे. इतक्या दूर देशी मुलांना मराठी बोलावयास, वाचावयास आणि प्रश्न विचारावयास जागा मिळावी म्हणून हा संसार मांडला गेला. पुढील पन्नास वर्षांत येथील ग्रंथालयात नाटक-कादंबऱ्यांच्या शेजारी विज्ञानाच्या मराठी पुस्तकांचेही एक कपाट भरलेले असावे, अशी विनंती आम्ही कार्यकारिणीस करतो, आणि त्या कपाटासाठी आमच्याकडील पुस्तकांची पहिली पेटी येत्या महिन्यात पोचती करण्याचे वचन देतो.